सात पायऱ्या आणि चौकोनी पाच पैसे

बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्या काळात माझ्या हातून किती नोटा गेल्या असतील याचा हिशेब मी कधी मांडला नाही. पण नोट ही कुणीतरी घडवलेली वस्तू आहे, तिची लांबी-रुंदी कुणीतरी विचार करून ठरवलेली असते, हे माझ्या ध्यानात पहिल्यांदा आणून दिलं ते अशा एका खातेदारानं, ज्याला ती नोट दिसतच नव्हती.

१९८८ साली मी कोल्हापुरातल्या एका शाखेत अधिकारी म्हणून रुजू झालो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथं एक गृहस्थ यायचे. तबला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पांढरा लेंगा, काळी टोपी, हातात काठी. जन्मापासून दृष्टी नाही. कॅशियरनं पैसे दिले की ते काउंटरच्या कडेला उभं राहून एकेक नोट अंगठा आणि तर्जनीत धरत, तिची लांबी बोटांवर मापत, आणि घडी घालत. दहाची नोट सरळ, वीसची एकदा दुमडून, पन्नासची आडवी घडी, शंभरची वेगळ्या खिशात. एकदा गर्दीच्या दिवशी कॅशियरनं पन्नासच्या नोटांत चुकून शंभरची एक दिली. मास्तर माघारी वळले आणि म्हणाले, "ही बोटभर लांब लागतीय हो. बघा जरा." कॅशियरनं कपाळावर हात मारला. त्या काळी शंभराची नोट म्हणजे काही थोडकी रक्कम नव्हती!

याच मास्तरांनी पुढं चेकबुक मागितलं आणि मी नाही म्हणालो. आमच्याकडचा रिवाजच तसा होता. अंध खातेदारानं स्वतः यावं, साक्षीदारासमोर अंगठा उठवावा आणि रोख घेऊन जावं. मास्तरांना सही येत होती, चांगली वळणदार येत होती. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ज्या बोटांनी मी तबला वाजवतो त्यांची सही तुम्हाला चालत नाही. अंगठा तेवढा चालतो, होय?" मी "नियम आहे" असं म्हणून खाली मान घालून लेजर बघत बसलो. आम्हा बँकवाल्यांचा हा फार जुना आसरा. खरं म्हणजे १८७२ च्या करार कायद्यात करार करणारा माणूस सज्ञान असावा, शुद्धीवर असावा, एवढीच अपेक्षा आहे. डोळ्यांचा तिथं उल्लेख नाही. मी तो कायदा परीक्षेला पाठ केलेला होता. २००८ साली रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना स्पष्ट कळवलं की अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर, कशालाही नकार देता येणार नाही. म्हणजे मास्तरांच्या प्रश्नाला वीस वर्षांनी उत्तर मिळालं. तोवर त्यांचे व्यवहार त्यांचा मुलगा बघू लागला होता.

मास्तरांची बोटं बघताना मला माझी आजी आठवायची. तिला अक्षर येत नव्हतं आणि उतारवयात मोतीबिंदूनं दिसतही नव्हतं. पण बटव्यात हात घालून ती नेमकं नाणं काढायची. तिच्या बटव्यात मधोमध भोक असलेला जुना पैसा होता, नक्षीदार काठाचा आणा होता, चौकोनी चवली होती. १९५७ साली दशमान पद्धत आली, आजीची नाणी बाद झाली. ती चार दिवस कुरकुरली आणि नव्यांना सरावली. का? तर ती घडवणाऱ्यांनीही तोच शहाणपणा ठेवला होता. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांच्या काठाला कंगोरे, मागाहून आलेले तीन पैसे षटकोनी. अंधासाठी म्हणून कुणी ते मुद्दाम केलं असेल-नसेल. पण निरक्षर बाई, अंधारात हिशेब करणारा टांगेवाला, पोस्टात पाकीट घ्यायला धाडलेलं पोर आणि मास्तर, सगळ्यांना ते नाणं सारखंच बोलायचं. "हे कितीचं हो?" असं कुणाला विचारावं लागत नव्हतं.

पुढं हे ध्यान सुटलं. दोन रुपयांचं नाणं नव्वदच्या दशकात अकरा कोनांचं होतं, ते गोल झालं. जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, आणि २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही तेवढंच! ज्याला दिसतं त्याचासुद्धा बसमध्ये घोटाळा व्हायचा. नोटांचं त्याहून अवघड झालं. १९९६ पासूनच्या गांधी मालिकेत वीसपासून वरच्या नोटांवर उठावाच्या खुणा आल्या होत्या, शंभरला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, आणि शंभर-पाचशेच्या लांबीत चांगला एक सेंटिमीटरचा फरक होता. २०१६ नंतरच्या नोटा आखूड झाल्या. दोनशेची १४६ मिलिमीटर, पाचशेची १५०. रुंदी दोन्हींची तीच. चार मिलिमीटर म्हणजे किती, हे वाचकांनी घरातल्या पट्टीवर बघावं, आणि मग डोळे मिटून बघावं. शंभरपासून वरच्या नोटांवर कडेला तिरप्या उठावाच्या रेघा आहेत, खुणाही आहेत. पण बाजारात चार महिने फिरलेल्या नोटेचा उठाव बसून जातो. पन्नास, वीस, दहा या नव्या नोटांवर तो नाहीच. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं हे गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेलं.

इथं कुणी म्हणेल, आता नोट ओळखणारं अ‍ॅप आहे की! आहे. रिझर्व्ह बँकेनंच २०२० च्या जानेवारीत काढलं, 'मनी' असं त्याचं नाव. नोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली की तो किंमत बोलून दाखवतो. चांगली सोय आहे. पण लक्ष्मीपुरीच्या बाजारात, एका हातात पिशवी, बगलेत काठी, अशा अवस्थेत फोन काढून नोट सरळ धरायची आणि आपल्या खिशात काय आहे ते आजूबाजूच्या दहा माणसांना ऐकवायचं, हे मास्तरांना पटत नाही. मलाही पटलं नसतं.

आता पायऱ्यांबद्दल. आमच्या शाखेला सात पायऱ्या. मालक पूर पाहिलेला माणूस होता, त्यानं जोतं उंच बांधलं. त्याला दोष देता येत नाही. २०१९ च्या पुरात शेजारच्या दुकानांत पाणी शिरलं आणि शाखा कोरडी राहिली. पण महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन घ्यायला येणारी म्हातारी माणसं तिसऱ्या पायरीवर थांबून दम घ्यायची. २००९ साली मी त्याच शाखेत व्यवस्थापक होऊन आलो आणि पुढच्या वर्षी वरून फर्मान आलं, रॅम्प बांधा.

रॅम्पचं गणित सोपं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. सात पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे साडेतीन फूट उंची. त्याला बेचाळीस फूट रॅम्प लागणार. दारासमोर जागा चौदा फूट. बाजूच्या बोळातून वळवून नेता आला असता, पण तिथं मालकाची शेड होती आणि त्याच्याशी वाद घालायचा मला कंटाळा आला. कंत्राटदारानं चौदा फुटांत बसवला. मी पूर्ततेच्या अहवालावर सही केली. आठवड्याभरात त्यावरून मोटारसायकली वर चढायला लागल्या. मी शिपायावर चिडलो तर तो म्हणाला, "मग काय करायचं सायेब? माणूस तर चढंना झालंय त्यावरनं. गाड्या तरी सावलीला लागूद्यात."

एके दिवशी कॉलेजातली एक मुलगी चाकाच्या खुर्चीतून आली. शिष्यवृत्तीचं खातं उघडायचं होतं. त्या उतारावरून तिची खुर्ची वर चढणं शक्य नव्हतं. आमचे दोन सुरक्षारक्षक तत्परतेनं पुढं झाले, खुर्चीसकट उचलतो म्हणाले. तिनं हात जोडले, "नको काका," म्हणाली, आणि वळून निघून गेली. आमच्यातल्या एकानं शेरा मारला, केवढा हा ताठा! मला तेव्हा तरी तो ताठा वाटला नाही, याचं कारण मी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलेलं होतं.

कोल्हापूरकरांना नसीमादीदींबद्दल मी वेगळं सांगायला नको. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं अंग निकामी झालं. पुढं केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली याच शहरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावात 'घरौंदा' वसतिगृह झालं, समर्थ विद्यामंदिर झालं, चाकाच्या खुर्च्या बनवणारी कार्यशाळा झाली. बाहेरचे लोक त्याकडे सेवाकार्य म्हणून बघतात, नमस्कार करून देणगी देतात, तेही योग्यच आहे. पण मला तिथली साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या पोराला गावच्या शाळेत आईनं कडेवर घेऊन जावं लागायचं, आणि कडेवर मावेनासं झालं की शाळा सुटायची, ते पोर योग्य इमारतीत आपल्या हातानं चाकं फिरवत वर्गात जातं. मुलाचे पाय तेच असतात, इमारत बदललेली असते.

योगायोग असा, की संस्था निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८५ साली, अमेरिकेत रोनाल्ड मेस नावाच्या वास्तुरचनाकारानं 'युनिव्हर्सल डिझाइन' ही कल्पना मांडली. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस स्वतः चाकाच्या खुर्चीत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अपंगांसाठी मागच्या बाजूला वेगळं दार करू नका, पुढचंच दार असं करा की सगळे त्यातून येतील. आपल्याकडे १९९५ चा कायदा झाला, मग २०१६ चा झाला, अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले गेले, २०१५ पासून सुगम्य भारत अभियानही आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग मोजले गेले. पण या आकड्यात गुडघे दुखणारी माझी बायको नाही, कडेवर पोर आणि हातात पिशवी घेतलेली सून नाही, गॅसची टाकी चढवणारा माणूस नाही. बेचाळीस फुटांचा रॅम्प झाला असता तर त्यांनीही तो वापरला असता.

उलटीही गंमत घडते. आता चहाच्या टपरीवर पैसे भरले की छोटा डबा खणखणीत ओरडतो, "वीस रुपये प्राप्त हुए." गर्दीत दुकानदाराला पुन्हापुन्हा फोन बघावा लागू नये म्हणून तो आला. पण आमच्या पेठेत अंधुक दिसणाऱ्या एक मावशी भाजी विकतात, त्यांचा त्या डब्यावर फार जीव. पूर्वी गिऱ्हाइकाच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागायचा. आता, त्या म्हणतात, "डबा बोलला की माझं काम झालं." अंधांच्या कल्याणाची एकही सभा न भरवता झालेलं हे काम!

आणि त्याच फोनमध्ये दुसरीकडे दार बंद असतं. खातं उघडायचं तर कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडा म्हणतात. आम्ल हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच जळाल्या त्यांनी काय करायचं? अशा एका तरुणीनं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं सांगितलं की या डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याचे इतर मार्ग ठेवण्यासह वीस निर्देश दिले. तो निकाल मी सबंध वाचला. पापण्यांची ती अट घालणारा कुणी दुष्ट नसणार. तो माझ्यासारखाच अधिकारी असणार. पुढ्यात चौदा फूट जागा आणि संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचा.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी त्या शाखेत गेलो. घरबसल्या फोनवरून देता येतो, पण जुन्या जागेची ओढ. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. पायऱ्यांपाशी उभा राहिलो, रॅम्पवर चार मोटारसायकली होत्या. आतून एक तरुण अधिकारी मुलगी फॉर्म घेऊन धावत खाली आली. "सर, तुम्ही कशाला त्रास घेता? इथंच सही करा." फार गोड मुलगी. मी फुटपाथवर, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. कॉलेजातल्या त्या मुलीनं हात का जोडले होते, ते पुस्तक वाचून कळलं होतं त्यापेक्षा त्या वेळी जास्त कळलं.

तिथून मास्तरांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, शिकवण्या बंद, पण सकाळचं दूध आणि पान स्वतः जाऊन आणतात. नोटा त्यांनी जवळजवळ सोडल्या आहेत. २०१९ साली बारा कोनांचं वीस रुपयांचं नाणं जाहीर झालं, अंधांना ओळखता यावं हा विचार ती मालिका करतानाच केलेला होता. मास्तरांना ते एकदा सुट्ट्या पैशांत मिळालं. काठावरून बोट फिरवत ते म्हणाले, "हे कुणीतरी माणसानं केलंय." तेव्हापासून ती नाणी जमवून त्यांना द्यायची कामगिरी माझ्याकडे आहे. बाजारात ती सहज मिळत नाहीत. मी ओळखीच्या कॅशियरना सांगून ठेवलंय, किराणावाल्याला सांगितलंय, देवळाबाहेरच्या फुलवाल्यालाही. महिन्याला पंचवीस लागतात. या महिन्यात पंधराच मिळाली.