हमी बँकेला, कर्ज गटाच्या नावावर

बचत गटाच्या बायकांना ‘सरकार पैसे वाटतं’ असं गावात सर्रास बोललं जातं. वर्षानुवर्षं वही लिहिणाऱ्या, वसुलीसाठी शेजारणीचा रोष पत्करणाऱ्या बायकांवर हा अन्याय आहे.

गटाकडे पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट त्यांच्या स्वतःच्या बचतीची. दुसरी सार्वजनिक पैशाची, म्हणजे ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातला फिरता निधी आणि गावातल्या गटांच्या ग्रामसंघामार्फत येणारा समुदाय गुंतवणूक निधी. तिसरी बँकेच्या कर्जाची. नव्या गटाला कर्ज द्यायला बँक बिचकते, म्हणून सार्वजनिक पैसा आधी उतरतो. गट तो आपल्या सदस्यांमध्ये फिरवतो, वसूल करतो, हिशेब ठेवतो, आणि बँकेपुढे ठेवायला व्यवहाराची नोंद तयार होते. समुदाय गुंतवणूक निधी तर गटाने ग्रामसंघाला परत करायचा असतो, म्हणजे तोच पैसा पुढच्या गटाच्या कामी येतो. या मिश्रणालाच हल्ली ब्लेंडेड फायनान्स म्हणतात. जोखीम कोणी किती उचलायची याची ही वाटणी आहे. खिरापत नव्हे.

गैरसमज: तारण नाही, म्हणजे कर्ज बुडणार

हा समज जुना आहे. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हाही तो होताच. आज ग्रामीण उपजीविका अभियानातल्या गटांच्या कर्जांत थकीत कर्जाचं प्रमाण सरकारी आकडेवारीनुसार २ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१३-१४ मध्ये ते साडेनऊ टक्क्यांच्या घरात होतं. हा फरक पडण्यामागे पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. बँक गटाची प्रतवारी करते तीही यावरूनच.

असाच अविश्वास बँक काढतानाही आडवा आला. माणदेशातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अक्षर येत नव्हतं तेव्हाही हिशेब येतच होता, हे कागद तपासणाऱ्यांना दिसायला वेळ लागला.

गैरसमज: हमी आहे, म्हणजे फेडलं नाही तरी चालतं

सर्वांत घातक समज हा. कर्जहमी निधी बँकेला संरक्षण देतो, कर्जदाराला नाही. कर्ज थकलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेचं नुकसान भरून निघतं. गटाचं देणं मात्र तसंच राहतं, वसुलीही थांबत नाही, आणि पुढच्या कर्जाची वाट बंद होते. माझ्या मते कर्ज मंजूर करण्याआधी गटाच्या बैठकीत हे मराठीत, सावकाश, दोनदा सांगितलं पाहिजे. निवडणुकीच्या आसपास ‘माफ होणार आहे’ अशी कुजबुज सुरू झाली की हप्ते थांबतात, आणि त्याची झळ नियमित भरणाऱ्या बाईलाही बसते.

गैरसमज: बँकेशी करारावर सह्या झाल्या की भागीदारी झाली

शाखाधिकारी बदलतो आणि नवा आला की सगळं पहिल्यापासून समजावावं लागतं. म्हणून मध्ये गावातलं माणूस आणि संस्था लागते. शाखेत बसून गटांचे कागद पूर्ण करून देणारी बँक सखी हे त्यातलं माणूस. ‘माविम’च्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, जिल्ह्यांत लोकसंचालित साधन केंद्रं आहेत, ती बायकांच्याच मालकीची. गट तपासणं आणि परतफेडीवर लक्ष ठेवणं हे काम केंद्र करतं, आणि काही बँका त्याचं सेवाशुल्क देतात. हे शुल्क करारात आधीच लिहिलेलं असावं, कारण फुकट राबवून घेतलेलं केंद्र फार काळ तग धरत नाही. गटातलं कर्ज कोणाला, किती आणि काय व्याजाने द्यायचं हे गटाच्या ठरावातून ठरावं, बँकेच्या किंवा देणगीदाराच्या कोष्टकातून नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक गटाच्या अध्यक्ष-सचिवांना ठाऊक हवी. १० लाख रुपयांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचं नाही, ठेव ठेवायला लावायची नाही आणि गटाचं बचत खातं अडकवून ठेवायचं नाही, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. १० ते २० लाखांच्या कर्जालाही तारण नको, ते सूक्ष्म उद्योगांच्या हमी निधीखाली येऊ शकतं. शाखेत कोणी वेगळं सांगितलं, तर ते लेखी मागावं आणि ग्रामसंघांच्या प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत ठेवावं.