गांजाच्या रोपावर फवारायचं काय? द्राक्षाच्या भुरीपासून कॅनडातल्या कुंडीपर्यंत

द्राक्षाच्या पानावर पांढरी पूड सांडल्यासारखी दिसली की नाशिक किंवा सांगलीच्या बागायतदाराला वेगळं काही सांगावं लागत नाही. भुरी आली! मग फवारणीसाठी जी बुरशीनाशकं बाहेर निघतात, त्यातलं एक म्हणजे मायक्लोब्युटानिल. याच औषधाने 2016 च्या अखेरीस कॅनडात मोठा गोंधळ उडवला. तोही द्राक्षांवरून नाही, तर गांजावरून.

तेव्हा कॅनडात गांजा फक्त वैद्यकीय वापरासाठी कायदेशीर होता. सरकारी परवाना असलेल्या काही कंपन्यांच्या मालात मायक्लोब्युटानिलचे अंश सापडले आणि बाजारात गेलेला माल परत मागवावा लागला. त्यातल्या एका कंपनीकडे तर सेंद्रिय प्रमाणपत्र होतं. ग्राहक कोण, तर दुखण्यावर उपाय म्हणून गांजा घेणारे रुग्ण. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

खाल्लं तर चालतं, मग ओढलं तर काय बिघडतं?

द्राक्षावर हे औषध चालतं, कारण द्राक्ष आपण खातो. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत आणि फळात किती अंश उरलेला चालेल, याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. त्या ठरवताना गृहीत धरलेला मार्ग पोटातून जातो. गांजा बहुतेक लोक जाळून ओढतात. मायक्लोब्युटानिल जास्त तापलं की त्याचं विघटन होतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू बाहेर पडू शकतो.

सोशल मीडियावर याचं लगेच ‘गांजात सायनाइड’ झालं. खरं चित्र थोडं वेगळं होतं. हेल्थ कॅनडा या तिथल्या आरोग्य विभागाने स्पष्ट केलं की परत मागवलेल्या मालातल्या अंशामुळे वाढणारं सायनाइड हे गांजाच्या धुरात एरवीही असतं त्याच्या हजारपट कमी होतं. म्हणजे साधा धूरही काही निर्मळ नसतो, हे यात ओघाने आलंच. पण घाबरण्याचं कारण त्या एका औषधापुरतं नव्हतं. धुरावाटे शरीरात गेल्यावर कीटकनाशकं काय करतात याच्या मर्यादा कुणी ठरवलेल्याच नव्हत्या.

आणि ती धुरात जातात, हे तोवर दिसून आलं होतं. 2013 मध्ये ‘जर्नल ऑफ टॉक्सिकॉलॉजी’त एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या काचेच्या पाइपमधून ओढल्यास गांजावरच्या कीटकनाशकांचा जवळपास 70 टक्के भाग धुरात येऊ शकतो, असं त्यात आढळलं. शिवाय गांजाचं फूल चिकट असतं. ते द्राक्षासारखं नळाखाली धरून धुता येत नाही.

जानेवारी 2019 पासून कॅनडात विक्रीच्या गांजाची 96 कीटकनाशकांसाठी तपासणी सक्तीची झाली. अमेरिकेत गोष्ट आणखी किचकट आहे. तिथे कीटकनाशकाच्या लेबलावर पीक कोणतं हे केंद्राच्या परवानगीने ठरतं, आणि केंद्राच्या लेखी गांजा बेकायदा. त्यामुळे ज्या राज्यांनी गांजाला परवानगी दिली त्यांना काय फवारावं याच्या याद्या स्वतःच कराव्या लागल्या. कोलोरॅडोत 2015 मध्ये नको ती औषधं मारलेला माल हा सार्वजनिक सुरक्षेला धोका आहे, असा आदेश गव्हर्नरना काढावा लागला होता.

घरच्या कुंडीला प्रयोगशाळा नाही

17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात एका घरात गांजाची चार रोपं लावता येतात (क्यूबेक प्रांताने मात्र हे नाकारलं, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही क्यूबेकची बाजू उचलून धरली). जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणशी तीन रोपांना मुभा आहे. भारतात एकालाही नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना गांजाच्या रोपाची लागवड हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाऊ शकते. टोरांटोच्या भाचीने पाठवलेलं रील बघून पुण्यात कुंडी भरण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

दुकानातला माल तपासला जातो, घरचा कोणीच तपासत नाही. म्हणून तिथल्या हौशी मंडळींचा ओढा ‘जिवंत माती’कडे आहे. कंपोस्ट, गांडूळखत, थोडी पेंड, आणि त्यात वाढणारे जीवाणू आणि बुरशी. यात गूढ काही नाही. रासायनिक खतातलं नत्र मुळाला थेट मिळतं. कंपोस्टमधलं नत्र मात्र सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं, ते सूक्ष्मजीवांनी मोडून दिलं तरच रोपाला घेता येतं. रोपही फुकट घेत नाही. पानांनी बनवलेल्या साखरेचा काही भाग ते मुळावाटे मातीत सोडतं आणि त्यावर हे जीव जगतात.

मायकोरायझा ही बुरशी तर मुळाच्या आत शिरते. तिचे तंतू मुळं पोहोचत नाहीत तिथवर जाऊन स्फुरद आणतात आणि बदल्यात साखर घेतात. मात्र मातीत स्फुरदयुक्त खत भरपूर टाकलं की रोपाला या भागीदाराची गरज उरत नाही आणि जोडी जमत नाही. मायकोरायझाचं महागडं पाकीट आणि स्फुरदाचं खत एकाच ट्रॉलीत घेणारे त्यामुळे पैसे वाया घालवतात. कुंडीच्या वरच्या थरावर पूड भुरभुरूनही फारसं साधत नाही, ती मुळाला लागायला हवी. ट्रायकोडर्मा आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. मूळकूज करणाऱ्या बुरशीला वेढा घालून तो तिलाच खातो.

मग येतो ‘कंपोस्ट टी’. कंपोस्ट पाण्यात भिजवायचं, मळी घालायची, हवा सोडायची आणि गाळून पानांवर फवारायचं. सुभाष पाळेकरांचं जीवामृत ज्यांना माहीत आहे त्यांना हा चुलतभाऊ लगेच ओळखू येईल. तिथे मळीऐवजी गूळ आणि बेसन असतं. अडचणही तीच. साखर मिळाली की फक्त चांगलेच जीवाणू वाढतात असं नाही. कच्च्या शेणातला ई-कोलायही वाढू शकतो. मातीत ओतणं वेगळं आणि ज्या भागाचा उपयोग करायचा त्यावरच फवारणं वेगळं.

फवारणी कुठे थांबवायची?

पान मेणचट थराने झाकलेलं असतं, म्हणून नुसतं पाणी घसरून जातं. श्वासरंध्रं मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात, आणि लाल कोळीही तिथेच लपतो. वरून फवारून समाधान मिळतं, कोळी मरत नाही. पाण्यात तेल मिसळत नाही, त्यामुळे कडुनिंबाचं तेल साबणासारख्या पदार्थाशिवाय फवारलं तर एका पानावर नुसतं तेल आणि दुसऱ्यावर नुसतं पाणी पडतं. त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर मोडतो. म्हणून संध्याकाळची वेळ. गंधक भुरीवर जुना आणि स्वस्त उपाय, पण तेलाच्या फवारणीला लागून गंधक मारलं तर पानं करपतात.

अळीसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी. या जीवाणूचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात गेल्यावर जागं होतं. त्याचाच एक प्रकार कुंडीतल्या ओल्या मातीवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या मारतो. डबक्यातल्या डासांच्या अळ्यांवर वापरतात तोच हा. बंद खोलीतल्या उबदार, कोरड्या हवेत लाल कोळ्याची एक पिढी आठवड्याभरात तयार होते. तिथे फवारणीपेक्षा त्याला खाणारे शिकारी कोळी सोडणं अनेकदा बरं पडतं. ते पानावर रसायन ठेवून जात नाहीत.

खरी रेघ आहे फुलांची. फुलं धरायला लागली की कडुनिंब, गंधक, जीवाणू, काहीही फुलांवर मारायचं नाही, हा जाणत्या हौशींचा नियम. कारण नुसतं रसायनाचं नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात झमीर पुंजा गांजाच्या रोगांवर काम करतात. फुलांवर एरवीही अनेक प्रकारच्या बुरशी असतात हे त्यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. त्यात आपण उपकारक म्हणून आणखी भर घातली तर बुरशीची एकूण मोजणी वाढते आणि विक्रीचा माल तपासणीत नापास होऊ शकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली आहे, उदाहरणार्थ केमोथेरपी घेणारे रुग्ण, त्यांच्यासाठी ॲस्परजिलससारखी बुरशी फुप्फुसात जाणं जिवावर बेतू शकतं. गांजा औषध म्हणून घेणाऱ्यांत असे रुग्ण असतातच.

‘सेंद्रिय’ म्हणून निर्धास्त राहणं किती फसवं आहे याचं जुनं उदाहरण म्हणजे तंबाखूचा काढा. मावा जातो हे खरं. पण निकोटीन हे माणसासाठीही जहाल विष आहे, आणि ते कातडीतूनही शरीरात जातं.

कडुनिंबामुळे उलट्या होतात?

दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्या काहींना थांबता थांबत नाहीत अशा उलट्यांचा त्रास होतो. गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. 2004 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ‘गट’ या नियतकालिकात अशा रुग्णांचं वर्णन केलं. इंटरनेटवर मात्र खापर फुटलं ते कडुनिंबावर: रोपावर मारलेल्या कडुनिंबाच्या तेलामुळे हे होतं, गांजामुळे नाही. ओढणाऱ्यांना हे स्पष्टीकरण सोयीचं आहे यात शंका नाही. पण ज्यांनी रोपाचा पालाही न ओढता प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम कॅनाबिनॉइड घेतले, त्यांच्यातही असाच त्रास नोंदवला गेला आहे. त्या पदार्थावर कोणी कडुनिंब फवारलेलं नव्हतं.