सातवाहन व क्षत्रप : वैर आणि सोयरीक

नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांतील लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. दख्खनचे सातवाहन व पश्चिम भारतांतील शक क्षत्रप या दोन राजकुलांचें वैर मात्र तेथें दगडांत कोरलेलें आहे. आणि त्या वैराचा शेवट सोयरिकीनें कसा बदलला, हें समजण्यास आरंभ तेथूनच करावा लागतो.

दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याची कन्या दक्षमित्रा व जामात उषवदात यांच्या दानांचे लेख आहेत. उषवदातानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले; त्यांच्या व्याजांतून भिक्षूंस चीवरें व इतर खर्च मिळावयाचा होता. एवढा मोठा दाता आपली ओळख देतो ती नहपानाचा जावई म्हणून. राजाचा जावई होणें हें त्या काळीं अधिकाराचें पद होतें, हें यावरून दिसतें.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें हें घराणें नामशेष केलें. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारलेला आहे. तिसऱ्या लेण्यांत त्याची माता गौतमी बलश्री हिनें नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं लेख कोरविला. आपल्या पुत्रानें शक, यवन व पह्लव यांचा संहार केला, क्षहरातांचा वंश निर्मूल केला आणि चार वर्णांचा संकर थांबविला, असा अभिमान त्यांत व्यक्त झाला आहे.

परंतु याच कुळांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णी, ज्यास बहुतेक विद्वान पुळुमावीचा भाऊ मानतात, त्याची राणी शक कुळांतील होती. मुंबईजवळ कान्हेरी येथें तिच्या सातेरक नांवाच्या अमात्यानें पाण्याचें टांकें दान दिलें, त्या लेखांत ती कार्दमक राजवंशांत जन्मलेली महाक्षत्रपाची कन्या असल्याचें सांगितलें आहे. पित्याच्या नांवाचें ‘रु’ हें अक्षर उरलें आहे. त्यावरून तो रुद्रदामा, असें मानतात. सातवाहनांचे लेख सामान्यतः प्राकृतांत असतात. हा संस्कृतांत आहे.

या सोयरिकीचें फळ जुनागढच्या शिलालेखांत दिसतें. शक ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास कोरलेल्या त्या लेखांत रुद्रदामा सांगतो कीं, दक्षिणापथपति सातकर्णीस त्यानें दोनदां उघड युद्धांत जिंकलें, पण नातें जवळचें असल्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं. म्हणजे विवाहानें युद्ध टळलें नाहीं. सर्वनाश तेवढा टळला. क्षहरातांच्या वांट्यास जी दया आली नाहीं, ती सातवाहनांस लाभली.

गौतमी व वासिष्ठी या मातांचीं गोत्रनामें पुत्रांच्या नांवांत अमर झालीं. जिच्या नात्यामुळें सातवाहनांचें राज्य वांचलें, त्या शक राजकन्येचें नांव मात्र कान्हेरीच्या दगडावर उरलेलें नाहीं.