बुरशीच्या भात्यातील एक बाण

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसरे सरफोजी राजे (राजवट 1798 ते 1832) यांनी समृद्ध केलेला तेथील ताडपत्रांचा व कागदांचा ठेवा टिकवायचा, तर दमट हवेत वाढणारी बुरशी दूर ठेवावी लागते. राजवाड्याबाहेर, कावेरीकाठच्या शेतीत, मात्र ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी विकत आणून मुद्दाम मातीत मिसळतात. कारण ती पिकाची मुळे कुजवणाऱ्या इतर बुरशींवर तुटून पडते.

या जातीच्या बुरशीच्या भात्यातील एक बाण म्हणजे अ‍ॅलामेथिसिन. ही अवघ्या 20 दुव्यांची साखळी, म्हणजे पेप्टाइड, होय. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. तेलात मीठ विरघळत नाही, तसेच सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्या पटलातून आपोआप आरपार जात नाहीत. अ‍ॅलामेथिसिनची साखळी मळसूत्रासारखी वळून पटलात शिरते. पटलाच्या दोन बाजूंमध्ये पुरेसा विद्युतदाब असला, की अशा काही साखळ्या लाकडी पिंपाच्या फळ्यांप्रमाणे गोलाकार उभ्या राहतात. त्यांची बाहेरची अंगे स्निग्धाशी जुळतात, आतली पाण्याशी. मधोमध वाट तयार होते. तिच्यातून आयन वाहू लागले, की पेशीने जपलेला समतोल ढासळतो.

साखळीला असा पीळ देणारे अमिनो आम्ल नेहमीच्या प्रथिनांत नसतेच. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पी. बलराम यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा साखळ्या स्वतः घडवून त्यांची रचना अभ्यासली.