देव्हाऱ्यातील अमोनाइट

हुबळीच्या नृपतुंग टेकडीवर जीवाश्म शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा आम्हांला हिरमोड करावा लागतो. धारवाडचे खडक २५० कोटी वर्षांहून जुने. कवचधारी प्राणी पृथ्वीवर आले ते त्यानंतर फार काळाने. मात्र टेकडीवर न सापडणारा अमोनाइट दाजीबानपेठेत घरबसल्या भेटू शकतो. शाळिग्रामातील चक्र म्हणजे बहुधा त्याचेच कवच! हा समुद्रातला जीव माखलीच्या दूरच्या गोतातला. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हा, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, तळाच्या काळ्या गाळात तो पुरला गेला. आज नेपाळातील काली गंडकी त्याला उघडा करते.

पेठेतील एका कुटुंबाने मुक्तिनाथाच्या यात्रेत दुभंगलेला शाळिग्राम विकत घेतला. घरातील शाळकरी मुलाने त्याचे शास्त्रीय नाव आम्हांस विचारले. नेहमीच्या नमुन्यांत वेढे दोराच्या वेटोळ्यासारखे उघडे दिसतात आणि त्यांवरील ठळक वळ्या बाहेरच्या कडेला दुभागतात. येथे शेवटच्या वेढ्याने आतले सारे झाकले होते. मध्यभागी बेंबीएवढा खळगा तेवढा उरलेला. मग हा नॉटिलस तर नव्हे? आम्ही भिंग लावले. नॉटिलसच्या कप्प्यांचे सांधे साध्या वक्र रेषांचे असतात. अमोनाइटचे चुरगळलेल्या झालरीसारखे. कवच झिजले होते तेथे झालर स्पष्ट होती, आणि तिची टोके पिंपळपानासारखी गोलसर. ही फायलोसेरास कुळाची खूण. ‘फिलॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये पान.

यापुढे जाती ठरवायची तर पाठीकडची बाजू दगडातून मोकळी करणे भाग होते. व्हिक्टर ऊलिग यांनी १९०३ ते १९१० या काळात स्पिती येथील अशाच काळ्या खडकांतील अमोनाइटांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्या चित्रांशी ताडून पाहता आले असते. मुलाने छिन्नी आणलीही. आजी म्हणाल्या, “बाळ, कार्तिकात याचे तुळशीशी लग्न लावायचे आहे. भंगलेला शाळिग्रामही पूज्य असतो, पण म्हणून आपण भंगायचा?”

आमचे मत आजींच्याच बाजूने पडले, आणि ते केवळ श्रद्धेपोटी नव्हे. दगड नदीच्या कोणत्या काठचा, कोणत्या थरातला, हे दुकानदारास ठाऊक नव्हते. स्थळाची नोंद नसलेल्या नमुन्याचे शास्त्रातील मोल निम्म्याने उतरते.

मुलाने कागदावर आकृती काढली, व्यास मोजून मांडला आणि खाली लिहिले : फायलोसेरास कूळ, काली गंडकी, विकत घेतलेला. ‘जाती’ या शब्दापुढे त्याने जागा मोकळी ठेवली आहे.