खरं कार्ड, खोटं कार्ड

१९८० च्या दशकात अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांना मोल आलं आणि पाठोपाठ नकला आल्या. १९८६ चं फ्लीअर कंपनीचं मायकेल जॉर्डनचं कार्ड, क्रमांक ५७, यावर तर नकलाकारांनी अक्षरशः झडप घातली. हातभर अंतरावरून फरक कळत नाही. सोनाराचं दहापट भिंग लावलं की कळतो. खऱ्या कार्डावर फोटो रंगीत ठिपक्यांच्या नेटक्या जाळीतून उभा राहतो, पण काळी अक्षरं त्या जाळीत नसतात; ती एकट्या काळ्या शाईची, भरीव आणि स्वच्छ कडांची असतात. नकलाकार छापील कार्डच स्कॅन करतो. त्यामुळे त्याच्याकडे अक्षरंही ठिपक्यांत फुटतात, कडा केसाळ होतात. ही खूण मला आजही सगळ्यांत भरवशाची वाटते.

१९९१ मध्ये पीएसए ही संस्था निघाली. कार्ड तपासायचं, दर्जा ठरवायचा आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करायचं, हे तिचं काम. तिनं दर्जा दिलेलं पहिलं कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, १९०९-११ च्या सिगारेट पाकिटांतलं. ते अस्सलच होतं. पण ते नवं दिसावं म्हणून त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली बिल मास्ट्रो या लिलावदारानं २०१३ मध्ये न्यायालयात दिली. अस्सल कार्डालाही फसवं करता येतं, हे त्या दिवशी सर्वांना कळलं.

१९९९ मध्ये इंग्रजी पोकेमॉन कार्डं आली आणि नकलांचं गिऱ्हाईक बदललं. आता ते शाळकरी पोर होतं. आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची पोकेमॉन कार्डं त्याच जातीची. खऱ्या कार्डाच्या दोन कागदांमध्ये गडद थर असतो. कड निरखली तर बारीक काळी रेघ दिसते, आणि विजेरीपुढे धरलं तर उजेड फारसा पार होत नाही. पोरांना एवढं शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

मोठी माणसं मात्र डबीवर आणि शिक्क्यावर विसंबत गेली. २०२२ मध्ये यूट्यूबर लोगन पॉल यानं ३५ लाख डॉलर मोजून घेतलेला, तज्ज्ञांनी खरा ठरवलेला पोकेमॉनचा खोका उघडला, तर आत जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डं निघाली. २०२५ च्या सुरुवातीचं प्रकरण मला त्याहून गंभीर वाटतं. १९९६ च्या सुमाराची म्हणून विकली गेलेली, सीजीसी या दर्जा ठरवणाऱ्या संस्थेनं प्रमाणित केलेली पोकेमॉनची काही चाचणी-कार्डं संग्राहकांनी बारकाईनं तपासली. अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात आणि त्यांत छपाईची तारीख असते. काही कार्डांवर ती २०२४ ची निघाली. हे पकडलं छंदी माणसांनी.

म्हणून महागडं कार्ड घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधा, तिथे फोटो असेल तर कार्ड कोपरा न् कोपरा त्याच्याशी ताडून पाहा, आणि भिंग लावल्याशिवाय पैसे देऊ नका.