लॉक नसलेल्या चाकूचे पाते

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात, पुणे–बंगळूर महामार्गालगत वसलेली शिरोली एमआयडीसी ओळखली जाते ती फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी, चाकूंसाठी नव्हे. तरीही लॉक नसलेला घडीचा चाकू आपले पाते उघडे कसे धरून ठेवतो, हे या वसाहतीतील कारागिराला चटकन उमगेल; कारण कोल्हापूरचे कास्टिंग ज्या ट्रॅक्टर आणि वाहन उद्योगाला जाते, त्याच्या गिअरबॉक्समध्येही हेच तत्त्व राबते. गिअर बदलणाऱ्या दांडीला खाच पाडलेली असते, स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी त्या खाचेत बसते आणि दांडी जागेवर राहते; मात्र पुरेसा जोर लावला की गोळी उचलली जाते व दांडी सरकते.

चाकूत गोळीऐवजी मुठीच्या पाठीशी पोलादाची लांब पट्टी असते. तिचे मागचे टोक आणि मध्य पिनांनी पक्के केलेले असतात, तर मोकळे राहिलेले पुढचे टोक पात्याच्या बुडावर, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या बिनधारेच्या भागावर, सतत दाब देते. बुडाची एक बाजू सपाट घासलेली असते. पाते पूर्ण उघडले की ही बाजू पट्टीला टेकते, आणि पाते मिटू लागताच तिचा कोपरा पट्टीला वर ढकलू लागतो. पट्टीचा त्याला होणारा विरोध हीच चाकूची पकड. समजा, पट्टीचा दाब 100 न्यूटन आहे आणि तो पिनेच्या मध्यापासून 4 मिलिमीटरवर पडतो; तर घर्षण बाजूला ठेवल्यास पिनेपासून 50 मिलिमीटरवर पाते मिटवायला 8 न्यूटन, म्हणजे साधारण 800 ग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. हा आकडा लहान वाटला तरी फळ चिरताना किंवा दोरी कापताना तो कसोटीला लागत नाही, कारण घडीच्या विळीप्रमाणेच येथेही कापण्याचा जोर पात्याला मिटण्याच्या नव्हे, तर उघडण्याच्या दिशेने रेटतो. धोका असतो तो टोक खुपसताना किंवा पात्याच्या पाठीवर दाब येताना, आणि तेथे कोणत्याही स्प्रिंगवर विसंबणे चूकच.

या पकडीचे खरे मर्म मापात आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने 2 मिलिमीटरची पट्टी केवळ 0.2 मिलिमीटरने जाड झाली, तरी ताठपणा सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो आणि पाते उघडताना नख मोडण्याची वेळ येते. पोलादाला पाणी देण्यातही असाच तोल लागतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंत पात्याची कठीणता रॉकवेल मापावर 56 च्या आसपास, तर स्प्रिंगची 49 च्या आसपास ठेवतात, कारण पात्याने धार टिकवायची असते आणि स्प्रिंगने हजारो वेळा वाकून न तुटता पूर्ववत व्हायचे असते. याच कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी 1897 मध्ये नोंदवलेल्या ऑफिसर चाकूत एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना अवजारे बसवली. थोड्या जागेत इतके काम साधणारी ही रचना यंत्रकलेतील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक मानावी लागेल.

लॉकच्या चाकूंचा प्रसार होऊनही हा प्रकार मागे पडला नाही, यामागे कायद्याचाही वाटा आहे. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा खिशातील चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यास सबळ कारण द्यावे लागत नाही, आणि पुढे एका न्यायालयीन निकालाने लॉक होणारा चाकू या सवलतीतून वगळला. परिणामी आधुनिक पोलाद आणि संगणकीय यंत्रकाम वापरून लॉकविना भक्कम पकड देणारे चाकू जाणीवपूर्वक घडवले जाऊ लागले. त्यांपैकी काहींत पाठीची पट्टीच नसते. मुठीच्या आतील पत्र्यावर बसवलेली बारीक गोळी पात्याच्या खाचेत बसते, म्हणजे गिअरच्या दांडीचीच युक्ती येथे बोटभर जागेत उतरते.

अशा चाकूचा कस पहिल्या दिवशी नव्हे, तर वापरानंतर लागतो. बुडाचा कोपरा झिजून गोल झाला की तो पट्टीला ठामपणे उचलत नाही, पिनेचे भोक सैलावले की पाते आडवे डुलू लागते, आणि घडीत साचलेली धूळ ही झीज वाढवते. स्वच्छ केलेल्या सांध्यात तेलाचा एखादा थेंब सोडल्यास झीज मंदावते. पण गोल झालेला कोपरा पुन्हा घासून सपाट करताना पात्याचा उघडा कोनच बदलू शकतो, म्हणून ती दुरुस्ती माप जाणणाऱ्या हातानेच करावी लागते.